पिल्लू गोड आहे, पण वजन किती?

माझ्या मावशीचं सेमाडोहला किराणा दुकान आहे. डिसेंबरमधल्या एका सकाळी त्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी कुत्र्याचं पिल्लू ठेवलं, तेव्हा मावशी गल्ल्यावरून उठलीच.

“काय करून राहिली वो पोट्टे? त्या काट्यावर लोकायची साखर मोजतो मी!”

“खाली पेपर टाकलाय ना, मावशी.”

“पेपर टाकला म्हने. गिऱ्हाईक पाहीन तं काय म्हनीन?”

गिऱ्हाईक बघतच होतं. चहापत्ती घ्यायला आलेला एक पोरगा काट्यावर वाकून म्हणाला, “दोनशे चाळीस.” आणि मी वहीत लिहिलं, २४०.

या आठवड्याचा हा कोपरा इंटर्नने लिहायचा असं पानावर ठरलं, तेव्हा विषय मीच सुचवला. “कुत्र्याच्या पिल्लांवर संपादकीय?” असं म्हणून दोघं जण हसले. हसू द्या. आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी फोटो पडतो. खोक्यात तीन-चार पिल्लं, खाली ‘रेस्क्यू केलंय, कोणी फॉस्टर करेल का, अर्जंट’. हार्टचा पाऊस पडतो. पाच दिवसांनी त्या पिल्लांचं काय झालं हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मी आता सांगणार आहे, कारण माझ्या चारपैकी एक पिल्लू मेलं आणि त्यात माझी चूक होती.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सेमाडोहमधून जातो. बऱ्हाणपूर-इंदूरकडची वाहतूक याच रस्त्याने. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल दोन्ही बाजूला, वेगमर्यादेचे बोर्ड लावलेले, आणि तरी गाड्या सुसाट. एका संध्याकाळी गावातली पिवळी कुत्री गाडीखाली आली. हॉटेलवाल्या काकांना माहीत होतं की ती नुकतीच व्यालेली आहे. पिल्लं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, सरपणाच्या ढिगामागे. चार होती. डोळे बंद, कान मिटलेले, पोटाला वाळलेल्या नाळेचा तुकडा अजून चिकटलेला. म्हणजे जेमतेम दोन-तीन दिवसांची.

इथे एक गोष्ट आधीच सांगते. आई मेलीय हे आम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून आम्ही पिल्लं उचलली. बहुतेक वेळा तसं नसतं. कुत्री पिल्लं सोडून अन्न शोधायला जाते, तासा-दोन तासांनी परत येते. तेवढ्यात कोणीतरी हळवा माणूस येऊन पिल्लं घेऊन जातो आणि त्याला रेस्क्यू म्हणतो. आई परत येते तेव्हा जागा रिकामी. लांब उभं राहून वाट बघणं रीलमध्ये छान दिसत नाही, पण पहिलं काम तेच आहे.

तर, पिल्लं घरी आली. ती गारठली होती. मी काय केलं? गाईचं दूध कोमट केलं, ड्रॉपर घेतला, सगळ्यात छोटीला बाळासारखं पाठीवर आडवं धरलं आणि पाजलं. दूध तिच्या नाकातून बाहेर आलं. मी पुसलं आणि पुन्हा पाजलं. या दोन वाक्यांत किती चुका आहेत ते मला संध्याकाळी कळलं.

माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत शिकते. सेमाडोहला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ, आमच्या घरापासून चालत एसटी थांब्यापर्यंत गेलं की एखादी दांडी येते. तिथून तिला फोन लावला. तिने विचारलं, “अंग गरम आहे का? वजन किती? शी-शू झाली का?”

मी म्हणाले, “ताई, खूप गोड आहेत गं.”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. गेली नव्हती.

मग तिने जे समजावलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. नवजात पिल्लाला थरथरता येत नाही. आपल्याला थंडी वाजली की अंग कापतं आणि त्यातून उष्णता तयार होते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ती सोयच नसते. आई आणि भावंडं हीच त्याची शेगडी. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचं तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सियस असतं, मोठ्या कुत्र्याचं ३८-३९ असतं. ते ३५ च्या खाली गेलं की आतडी काम करणं थांबवतात. मग पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच आंबतं. म्हणून गार पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची, दूध नंतर. आणि दूध पाजायचं ते पालथं ठेवून, मान किंचित वर, जसं ते आईच्या पोटाला लागून पितं तसं. पाठीवर झोपवून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं, फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आपण माणसाच्या बाळाचं बघून तेच करायला जातो. सिनेमातही तसंच दाखवतात.

गाईच्या दुधाचंही असंच. कुत्रीचं दूध घट्ट असतं. त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि लॅक्टोज कमी. म्हणजे गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं दिसतं, अंगाला लागत नाही, वरून जुलाब होतात. पाणी घातलं तर आणखीच वाईट. पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, पण सेमाडोहला नाही मिळत. मैत्रिणीने अमरावतीहून डबा पाठवला. एसटीने परतवाडा, तिथून काळीपिवळीने सेमाडोह. माझ्या महिन्याच्या मानधनातला बराच भाग त्या डब्यात गेला. इंटर्नचं मानधन किती असतं हे वाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

ऊब कशी दिली? खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या, मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता यावं. पहिल्या आठवड्यात खोक्यात २९ ते ३२ अंश लागतं. डिसेंबरात मेळघाटात रात्री किती गारठा असतो ते तिथे राहिलेल्यांना विचारा. बल्ब लावला असता, पण लाइटचा भरवसा नाही. दर दोन-अडीच तासांनी पाणी बदलायचं, त्याच वेळी दूध. पाजलं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकं चोळायचं, कारण पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपली आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. शू जवळजवळ पाण्यासारखी दिसली पाहिजे. गडद पिवळी झाली की समजायचं, अंगातलं पाणी कमी पडतंय. हे सगळं रात्री अडीच वाजता करताना गोडवा वगैरे काही जाणवत नाही. झोप येते, बस.

आणि वजन. ताईने सगळ्यात जास्त वेळ वजनावर घेतला. निरोगी पिल्लू दिवसाला जन्मवजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के वाढतं आणि सात ते दहा दिवसांत दुप्पट होतं. जन्मल्यावर पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. त्यानंतर एक दिवस जरी काटा जागचा हलला नाही तरी तो इशारा. घटला तर धावपळ. रडणं, गळून जाणं, दूध न ओढणं हे सगळं नंतर दिसतं. काट्यावर आधी दिसतं.

म्हणून मावशीचा काटा. पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या एकेका नखाला वेगळ्या रंगाचं नेलपेंट. पहिल्या सकाळी वहीत असं होतं: पांढऱ्या नाकाचा ३१०, काळी ३९५. दुसऱ्यांदा ठेवल्यावर कळलं की काळी काट्यावर ठेवताना माझा हात खाली टेकला होता, खरा आकडा २९५. ठिपक्यावाला ३३०. लहानी २४०. दुसऱ्या दिवशी ३२०, ३०५, ३४५, २४५. तिसऱ्या सकाळी ३४०, ३२०, ३६५. लहानी पुन्हा २४५.

पुन्हा २४५ हे मी लिहिलं आणि वही मिटली. बाकी तिघं वाढत होते ना. चौघांची बेरीज डोक्यात चांगलीच वाटत होती. त्या संध्याकाळी साडेआठला लहानी २३५ भरली. श्वासात बारीक घरघर होती. ताईने सांगून ठेवलं होतं की आकडा घटला तर कितीही वाजू दे, फोन कर. फोन करायचा तर एसटी थांब्यापर्यंत जावं लागणार, बाहेर अंधार, गावाच्या कडेला बिबट्या कुत्र्यांच्या मागे येतो हे सगळ्यांना ठाऊक. ही कारणं खोटी नाहीत. पण दुकानात भाचा बसला होता, टॉर्च होता, दहा मिनिटांची वाट होती. मी म्हटलं, सकाळी बघू. एवढ्याशा जिवाचे दहा ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे जवळजवळ अडीच किलो, एका दिवसात, हा हिशोब मी दुसऱ्या दिवशी केला. लहानी पहाटे चारच्या सुमारास गेली.

मावशीने तिला परसात पुरलं. मला काही बोलली नाही. सकाळी काटा स्वतः पुसून ठेवला आणि म्हणाली, “आन बाकीचे. मोज.”

त्याच सकाळी आशाताई दुकानात आल्या. आशा म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, हे इथे कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. त्यांनी माझी वही हातात घेतली, पानं उलटली.

“तारीख लिवली. वेळ कुठी हाय?”

वेळ नव्हती. कधी दूध पाजायच्या आधी वजन केलं होतं, कधी नंतर. पोटातलं पंधरा-वीस ग्रॅम दूध म्हणजे तीनशे ग्रॅमच्या पिल्लात केवढा फरक! कधी कागदासकट, कधी कागद वजा करून. माझे २४५ आणि २४५ हे कदाचित २४० आणि २३० असतील. आकडे होते, पण ते एकमेकांशी बोलत नव्हते. आशाताईंनी पेन घेऊन रकाने पाडले. वेळ, पाजण्याआधीचं वजन, अंग गरम की गार, दूध ओढलं का, शी, शू, आणि शेवटी ‘इतर’. हे रकाने त्यांनी कुठून आणले? त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरमधून. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतं, घड्याळ असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा.

मला लाज वाटली, ते वेगळ्या कारणाने. मेळघाटात बसून मी कुत्र्याच्या पिल्लांची वजनं घेत होते. ज्या मेळघाटाचं नाव आपल्या पेपरात दर पावसाळ्यात कुपोषणाच्या बातमीला जोडून येतं, तिथे. मी तसं आशाताईंना बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, “पिल्लाचं वजन केलं म्हून लेकराचं राह्यते काय? लेकराचं राह्यते ते गाडी नाई म्हून, रस्ता नाई म्हून, साहेब नाई म्हून. तुह्या पिल्लायनं काई अडवलं नाई.”

हा सल्ला मला पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी विदर्भातलीच एक गोष्ट. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. श्वास मोजायचा, ताप बघायचा, वजन घ्यायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. ते सगळं गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी झोपडीत केलं, मोठ्या मशीन लागल्या नाहीत. त्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. वजन करून नजर लागते म्हणणारी एक म्हातारी प्रत्येक गावात असतेच, आमच्या परतवाड्याच्या गल्लीतही आहे. पण मोजलं की वेळेवर कळतं, हे बाळाला लागू आहे आणि पिल्लालाही. दोघांची किंमत सारखी आहे असं मी म्हणत नाहीये. मोजायची सवय एकच आहे.

आता आपल्या ग्रुपवरच्या खोक्याकडे परत येते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांचा माग ठेवला. ३६४ पिल्लं. सात महिन्यांची होईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के उरली. आणि जी मेली त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंमध्ये कुठे ना कुठे माणसाचा हात होता. गाडी, मारहाण, विष, उचलून नेणं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उचलून नेणंसुद्धा त्यात आहे, हे दोनदा वाचा. पिल्लू उचलणारा बहुधा चांगल्या मनाचा असतो. आईच्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्ती, आईची ऊब, आईचं चाटणं हे सगळं तो तोडतो, आणि बदल्यात देतो खोकं, गाईचं दूध आणि इन्स्टावरचं गाणं. मीही तेच दिलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे काटा, वही आणि रात्री दर दोन-अडीच तासांनी उठायची तयारी नाही, त्याने दोन आठवड्यांच्या आतलं पिल्लू फॉस्टरला घेऊ नये. हॉस्टेलवर तर नाहीच. सेमिस्टर सुरू असताना अजिबात नाही. त्याऐवजी त्या जागेवर आईला दोन वेळ खाऊ घाला. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतं. भाकरी, भात, अंडं, स्वच्छ पाणी. कमी ग्लॅमरस आहे, पण जास्त पिल्लं यातून वाचतात.

आमच्या तिघांना आईच मिळाली, वेगळी. गावातल्या एका घरची कुत्री आठवड्यापूर्वी व्याली होती आणि तिची दोनच पिल्लं होती. ताईने फोनवर आधी विचारलं की ती कुत्री खातेपिते का, जुलाब-खोकला नाही ना, तिची पिल्लं तरतरीत आहेत का. मग तिच्या गोणपाटाचा तुकडा आणून आमच्या पिल्लांना त्यात तासभर गुंडाळलं, वास मिसळावा म्हणून. घरधनीण तिच्या डोक्यावर हात ठेवून बसली आणि मी एकेक पिल्लू मागच्या बाजूने सरकवलं. तिने हुंगलं. पांढऱ्या नाकाच्याला उलटंपालटं करून चाटलं. मग पडून राहिली. माझे हात कापत होते, घरधनीण निवांत तंबाखू मळत होती.

तिथेही वही बंद झाली नाही. उलट तिथेच ती कामाला आली. तिची स्वतःची पिल्लं मोठी, धक्के देऊन पुढे घुसणारी. पाच जण एका रांगेत पिताना सगळ्यांचं चांगलं चाललंय असंच दिसतं. चौथ्या दिवशी काळी ३९० वरच अडकली. या वेळी मी टॉर्च घेतला आणि संध्याकाळीच थांब्यावर गेले. उपाय साधा निघाला. काळीला आधी दहा मिनिटं एकटीला पाजू द्यायचं, भरलेल्या मागच्या थानांना लावायचं, आणि दिवसातून दोनदा वरचं दूध. दुसऱ्या सकाळी ४०५, तिसऱ्या सकाळी ४३५. नंतर डोळे उघडले, दहा-बारा दिवसांचे झाल्यावर. दोन आठवड्यांनी जंताचं औषध. ते तर वजनावरच ठरतं, अंदाजाने थेंब टाकायचे नसतात. पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात आणि ते जंत माणसाच्या मुलांनाही होतात, म्हणून हात साबणाने धुणं. आणि पिल्लू चावलं, ओरबाडलं तर ‘छोटंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. रेबीज पिल्लालाही होतो. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं.

सेमाडोहमध्ये या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, अमरावतीत बसून ती सुचत नाही. इथलं प्रत्येक पिल्लू मोठं होऊन जंगलात जातं. गुरांमागे जातं, सिपनाच्या काठी पाणी पितं, रानकुत्र्यांच्या वाटेवर मुततं, कधी बिबट्याच्या पोटात जातं. त्याच्या अंगात डिस्टेंपर असेल तर तोही जंगलात जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गुजरातच्या गीरमध्ये २३ सिंह मेले आणि तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सिंहांची जवळजवळ एक तृतीयांश संख्या गेली, आणि संशयाची सुई आजूबाजूच्या गावांमधल्या कुत्र्यांकडे वळली. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याभोवती मोकाट कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेक मोठ्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्वो येऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. मेळघाट हा १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघ वाचवायच्या घोषणा आपण शाळेपासून देतोय. गावातल्या पिल्लाला दीड-दोन महिन्यांनी टोचलेली लस हे वाघ वाचवायचं काम आहे, असं कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

लसीचं वेळापत्रकही वयावर चालतं. पहिली सहा ते आठ आठवड्यांनी. मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. एकाच सुईत का भागत नाही? आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. रेबीजची लस तीन महिन्यांनी. म्हणजे पुन्हा वही लागते, तारखा लागतात.

आणि इथे माझी मागणी आहे, आपल्याच कॉलेजांकडे. अमरावती-अकोल्याची किती तरी कॉलेजं मेळघाटात एनएसएसची सात दिवसांची शिबिरं घेतात. मी स्वतः एक केलंय. आम्ही भिंती रंगवल्या, श्रमदान केलं, शेकोटीभोवती गाणी म्हटली, ग्रुप फोटो काढला. ज्या भिंतीवर आम्ही ‘स्वच्छता’ लिहिलं ती भिंत पुढच्या पावसाळ्यात पडली. सात दिवसांत गावातल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद होऊ शकते. कोणाच्या घरची, वय किती, व्यालेली कधी, लस टोचली का. अकोल्यात पशुवैद्यक संस्था आहे, तिथले विद्यार्थी आपल्याच वयाचे आहेत. दोन कॉलेजांनी एकत्र शिबिर घेतलं तर टोचायला ते, वही धरायला आपण. रेबीज माणसापर्यंत येऊ द्यायचा नसेल तर किमान ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरात ते अवघड वाटतं. काहीशे घरांच्या गावात सात दिवस आणि पंचवीस पोरं-पोरी म्हणजे पुरून उरेल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थांचं काम आहे, हे खरं. ग्रामपंचायतीकडे यादीच नसेल तर ती कोणाला बोलावणार? यादी आपण करू शकतो.

यावर एक प्राध्यापक मला म्हणाले, शिबिरात कुत्रे चावले तर जबाबदारी कोणाची? प्रश्न बरोबर आहे. उत्तरही आहे, कुत्र्याला पकडायचं काम प्रशिक्षित माणसाचं, आणि शिबिराला जाण्याआधी स्वयंसेवकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतः लस घ्यायची. भिंत रंगवण्यापेक्षा तयारी जास्त लागते, एवढंच.

मी जानेवारीत परतवाड्याला परत आले. वही दुकानातच ठेवली. मावशी आता रोज सकाळी दुकान उघडल्यावर आधी वजनं घेते, मग अगरबत्ती. साखरेसाठी तिने दुसरा काटा घेतला, त्याचे पैसे माझ्याकडून वसूल होणार आहेत असं तिने दोनदा बजावलंय. काल रात्री तिचा फोन आला, थांब्यावरून. “लिव,” म्हणाली. “नाकपांढरा दोन किलो एकशे दहा. ठिपक्या दोन किलो तीनशे. काळी एक किलो नऊशे पन्नास. लस येत्या मंगळवारी हाय, आशाताईनं कॅलेंडरवर गोल केला.”

मी विचारलं, पाजण्याआधीचं वजन आहे ना?

“तं काय मंग,” मावशी म्हणाली, आणि रेंज गेली.